एक थर जास्त

११ फेब्रुवारी २०१९, सोमवार

आज भगवानरावांच्या तोंडावर बोललो. आणि त्यांनी ऐकून घेतलं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

भगवानराव म्हणजे आमच्या कडा गावच्या जोगेश्वरी पशुखाद्य सहकारी संघाचे चेअरमन. मी दिवाळीपासून त्यांच्या गोदामात आहे. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष अर्ध्यात टाकून औरंगाबादहून आलो, म्हणून अख्खं गोदाम मला 'कॉलेज' म्हणतं. जे सोडलं तेच नाव चिकटलं. आबा आणि आई टोळी घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला गेलेत. मी चतुराआत्याकडे जेवतो आणि तिची बोलणी खातो.

सकाळी माळावरच्या चारा छावणीतून ट्रक रिकामा आला. पेंडीच्या पोत्यांखाली गेलेली लाकडी पॅलेटं परत आलीच नाहीत. छावणीतल्या चुलीत गेली. तिथल्या लोकांना तरी काय म्हणणार? बाभळीसुद्धा छाटून जनावरांपुढं टाकल्या, जळण आणणार कुठून? राहिलेल्या पॅलेटांना गोदामात वाळवी लागलीय.

भगवानराव काट्यापाशी उभे राहून ओरडत होते, "पुन्हा पॅलेटं करायची म्हणता, लाकूड कुठलं आणू? माझ्या हाडांची करू?"

मी म्हणालो, "पॅलेट पायजेच कशाला?"

"मग पोती हवेत ठेवतो का रे, कॉलेज?"

सांगितलं सगळं. वाळूजच्या एका कंपनीत आमची सहल गेलती, तिथं पाहिलं होतं. पॅलेटाऐवजी एक पातळ शीट. जाड पुठ्ठ्याएवढी, प्लास्टिकची. तिचा एक काठ चारेक बोटं बाहेर राहतो, ती तिची जीभ. जीभ धरून ओढली की वरचा सगळा माल घसरत येतो. टनभर.

हमाल हसले. मुंजाजीकाका, त्यांचा म्होरक्या, म्हणाला, "म्हंजी पत्रावळच की. वर पोत्यांची पंगत."

आणि मनकर्णा. ती ट्रकबरोबर पेंडीची चौकशी करायला आलती. तिच्या घरच्या गाई छावणीत आहेत, घरचे सगळे तिथंच दावणीला राहतात. ती म्हणाली, "एवढ्या पातळ कागदावर आमची गाय शेणबी टाकायची न्हाई."

सगळ्यांत जास्त हशा त्यालाच. हिच्यासाठी मी तीन महिने झाले जीव टाकतोय, आणि ही.

मग मी शेवटचं बोललो. "पॅलेट वीतभर उंच असतं. ते काढलं तर प्रत्येक ट्रकात पोत्यांचा एक थर जास्त बसतो."

भगवानरावांनी रिकाम्या ट्रकाकडं बघितलं. छावणीत पेंड पुरत नाही, रोज भांडणं होतात, हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत? म्हणाले, "पाडव्यापर्यंत करून दाव. माल धड उतरला पायजे, आन शीटा परत आल्या पायजेत. पॅलेटासारख्या गडप झाल्या की तू बी गडप. मग कोयता घे आन जा बापामागं."

मी म्हणालो, "जातो की." का म्हणालो कुणास ठाऊक. तोंड आधी उघडतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

वाळूजच्या त्या कंपनीतून वापरलेल्या शीटा मिळाल्या. पांढऱ्या, थोड्या ओरखडलेल्या. उतरवताना मला तर लग्नाचं सामान आल्यासारखं वाटलं. बंकट, संघाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि माझा एकुलता एक मित्र, म्हणाला, "यावर झोपायला बरं वाटंल बे."

आम्ही दोघांनी वेल्डरकडे बसून जबडा केला. लोखंडी दोन पट्ट्या, आतून टायरचं रबर, नटबोल्टनं आवळायच्या. जीभ त्यात धरायची आणि साखळीनं ट्रॅक्टरला बांधायची. वेल्डर विचारत होता, मगर धरायची का? मगरीला पाणी लागतं म्हणालो.

उतरवायची जागाही मीच शोधली. छावणीला लागून शेततळं आहे, कोरडं ठक्क. एका बाजूनं उतार आहे, ट्रक आत घातला की त्याची फळी बरोबर काठाला लागते. माल सरळ ओढून काठावर. पाणी नसलेल्या तळ्याचा असा उपयोग तालुक्यात कुणाला सुचला नसेल.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मेलो असतो तर बरं झालं असतं.

छावणी अख्खी गोळा झालेली. ट्रक पाठ करून काठाला लावला, मागचा फाळका उघडला, आणि शीटांच्या जिभा दिसेचनात. बघतो तर सगळ्या डाव्या अंगाला, बाजूच्या फाळक्यात चेपून बसलेल्या.

"कुणी लावल्या अशा?"

"आमीच," मुंजाजीकाका म्हणाला. "उसाच्या गाडीत वायररोप आडवाच टाकतेत की. टोक बाजूला."

हे सगळे हमाल ऊसतोडीवालेच. यंदा गुडघे गेले म्हणून, घरात आजारी माणूस म्हणून मागं राहिलेले. उसाखाली आधी वायररोप अंथरायचा आणि कारखान्यावर तो उचलला की गाडी रिकामी, हेच त्यांच्या हाताला माहीत.

"हा ऊस हाय का?" मी ओरडलो. पुढं त्यांच्या आयांपर्यंत गेलो. हमालांनी टॉवेल झटकले आणि जाऊन सावलीला बसले.

मी जबडा शीटच्या बिनजिभेच्या काठालाच आवळला. बंकट म्हणाला, "फाटंल."

"ओढ!"

"शहाद्या, फाटंल बे."

"ओढ म्हणतो ना!"

फाटली. दुसरी ओढली, तीही फाटली. माझा हट्ट संपेपर्यंत शीटा फाटत राहिल्या. मग पोती कलंडली, फुटली, पेंड तळ्यात ओघळली. एका बैलानं दावं तोडलं, त्याच्यामागं आणखी. माणसं पाट्या घेऊन धावली, कुणी जनावरं हाकत, कुणी पेंड भरत, आणि सगळे हसत.

मनकर्णा पाटी भरता भरता माझ्यापाशी आली. "उसाची गाडी मागून रिकामी करतेत का रे, इंजिनिअर? कुठल्या कारखान्यावर बघितलंस?"

मी आधीच पेटलो होतो, हिनं वरून रॉकेल ओतलं. सगळ्या जगात हिलाच माझी फजिती एवढी गोड का लागते?

२७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आत्या म्हणाली, "जेव. शीट फाटली, पोट फाटलं न्हाई."

दुपारी गोदामात एकटा बसलो होतो. मनकर्णेचं ते कुत्सित बोलणं डोक्यात घुमत होतं, आणि तेवढ्यात, कुठून कसं कळलं नाही, मला एकदम सुचलं. बाजूचा फाळका! ट्रक पाठ करून लावायचाच नाही. काठाला समांतर उभा करायचा, बाजूचा फाळका पाडायचा, की सगळ्या जिभा एका ओळीत समोर. एकेक धरायची, ओढायची. आतल्या शीटला मागच्या दारापर्यंत सरपटत आणायलाही नको. हमालांनी नकळत का होईना, जिभा बरोबरच लावल्या होत्या.

स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण असं ऐन वेळी सुचणं प्रत्येकाला जमत नाही.

संध्याकाळी मुंजाजीकाकांच्या घरी गेलो. उंबऱ्यातच उभा राहिलो.

"जिभा डाव्या अंगालाच लावा. कालच्यासारख्या."

"म्हंजी आमी बरोबर व्हतो?"

"हो."

"मग काल आमच्या आईला कावून आठवलंस?"

मी खाली बघितलं. त्यांची म्हातारी आई आत खाटेवर होती, हे मला माहीत नव्हतं. तिनंच आतून विचारलं, "कोन हाय रे? बस म्हनावं. उभ्यानं चूक कबूल करायची नसती."

बसलो. चहा झाला.

१ मार्च, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

ट्रक तळ्यात काठाला समांतर लावला. फाळका पडला. जिभा रांगेत, शाळेतल्या पोरांनी डॉक्टरला दाखवाव्यात तशा. पहिली जबड्यात आवळली. बंकटनं ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं घेतला. साखळी ताठ झाली, पोती हलली. एक हिसका नाही, एक पोतं कललं नाही. अख्खी रास पाटावर बसलेल्या नवरदेवासारखी ऐटीत काठावर आली. कुणी हसलं नाही. मग दुसरी. मग तिसरी.

नेहमी या ट्रकाला दुपार होते. आज जनावरं न्याहारीच्या वेळेला पेंड खात होती. आणि एक थर जास्तीचा. छावणीच्या टोकाची दावण, जिथं पेंड संपल्यावरच पाळी यायची, तिथंही पाट्या पोचल्या.

भगवानरावांनी टोपी काढून डोकं पुसलं. त्यांची शाबासकी तेवढीच, पण मला पुरली. मुंजाजीकाका सगळ्यांना सांगत होता, "जिभा आमी लावल्या." मी म्हणालो, त्यांनीच लावल्या.

मनकर्णा काठावर उभी होती. सगळे शीटकडे बघत होते, ही माझ्याकडे. आणखी काय चूक सापडते ते शोधत असणार. आज सापडली नाही. घे म्हणावं.

७ मार्च, गुरुवार

घात झाला. आज दोन खेपा झाल्या आणि दोन्ही ट्रक शीटांशिवाय परत आले. ड्रायव्हर म्हणतो, "बायांनी उचलून न्हेल्या, मी काय करू?"

भगवानराव शांत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "शहादेव," म्हणाले, कॉलेज नाही, "लाकूड गेलं तशाच ह्या बी गेल्या. पाडवा महिन्यावर आलाय."

आणि ड्रायव्हरनं नाव सांगितलं, म्होरकी कोण ते. मनकर्णा.

८ मार्च, शुक्रवार

ठरवून गेलतो की उचलून आणायच्या. बंकट आणि ट्रॅक्टर बरोबर. वाटेत बंकट म्हणत होता, "आधी इचार, मग बोल." मी म्हणालो, चोराला काय विचारायचं?

छावणीच्या मागच्या अंगाला वीतभर खोल खड्डे काढलेले. त्यात माझ्या शीटा अंथरलेल्या, काठावर दगड ठेवलेले. आत पाणी. वासरं पीत होती.

मी बघितलं सगळं, आणि तरी ओरडलो. संघाचा माल आहे, कुणाच्या बापाचा नाही, चोर आहात सगळे. "आणि तू," मनकर्णेला म्हणालो, "तू त्यांच्यातली पहिली."

म्हटलं आता तोंड सोडेल. नाही सोडलं. वासराला बाजूला सारलं, खाली बसली आणि घागर बुडवली. एक घागर भरून बाजूला ठेवली. दुसरी नव्हती, म्हणून ओंजळीनं एका पाटीत भरायला लागली. पाटीतून पाणी गळत होतं. गळलेलं मातीत जात होतं.

"काय करतीस?"

"शीट पायजे न्हवं तुला? पानी काढल्याबगर कशी देऊ?"

एक म्हातारी म्हणाली, "टँकर एक दिसाआड येतो, बाबा. हौदावर मोठी जनावरं शिंगं लावतेत, वासरांना कोन जवळ येऊ देतंय?"

मनकर्णा ओंजळी भरतच होती. मातीचा तो ओला डाग वाढत चालला.

"थांब," मी म्हणालो. "सांडू नको."

ती थांबली नाही. मी जाऊन तिच्या हातातली पाटी काढून घेतली. मग तशीच परत ठेवली आणि ट्रॅक्टरवर येऊन बसलो. बंकटनं ट्रॅक्टर वळवला.

चोर म्हणालो मी तिला. सगळ्यांसमोर.

भगवानरावांना काय सांगू? शीटा आहेत, पण वासरं पाणी पितायत? ते म्हणतील मग लाकडंही होतीच की, भाकरी भाजत होती. खरंच आहे. पाडव्यानंतर माझं काय ते स्पष्ट दिसतंय. आणि मी त्यातली एक शीटही काढणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या डोकं फिरलं तर इथं बघता येईल.

९ मार्च, शनिवार

पहाटे उठून बसलो आणि कळलं. जीभ किंवा काठ फाटलेली शीट ओढायला निकामी. पण पाण्याला जीभ कशाला लागते? फाटक्यांची थप्पी गोदामात पडूनच आहे. शिवाय चांगली शीटही चार-सहा खेपांत कधीतरी फाटणारच. तेव्हा तिनं निवृत्त व्हायचं आणि वासरांच्या सेवेला जायचं.

भगवानरावांना सांगितलं. ते म्हणाले, "आन त्या बाया चांगल्या शीटा देतील?"

"देतील."

"तू काल तिथं काय तमाशा केलास ते मला कळलंय. तरी देतील?"

मी म्हणालो, "मीच जातो."

मुंजाजीकाकाबरोबर फाटक्या शीटा घेऊन गेलो. बायांनी पाठ फिरवली. मग मी फावडं घेतलं आणि भरलेल्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा काढायला लागलो. माळाची जमीन म्हणजे तवा. थोड्या वेळानं मुंजाजीकाका आला, मग बाया. खड्ड्यात फाटकी शीट अंथरली. घागरीनं पाणी इकडून तिकडं. तळाला राहिलेलं घागरीत येईना, म्हणून चौघांनी चांगल्या शीटचे चार कोपरे धरून ती झोळीसारखी उचलली. माझ्या समोरच्या कोपऱ्यावर मनकर्णा.

"सरळ धर, कॉलेज. पानी हाय हे."

शीटमधलं पाणी आमच्या दोघांमध्ये हलत होतं. मी श्वाससुद्धा जपून घेतला. एक थेंब बाहेर गेला नाही. सगळे खड्डे असेच बदलले.

शेवटी ती शीट राखेनं कोरडी पुसत बसली. धुवायला पाणी कुठलं? न बघताच म्हणाली, "काल चोर म्हनलास."

"हो."

"आज?"

"आज न्हाई. कालही नव्हतीस. चुकलो."

"आन उद्या?"

याला काय उत्तर द्यायचं असतं? मी म्हणालो, उद्या ट्रक आहे, सकाळी लवकर येईल. तिनं शीट माझ्या अंगावर टाकली आणि गेली.

२९ मार्च, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलं नाही, म्हणजे सगळं नीट चाललंय. ट्रक जातो, उतरतो, शीटा राखेनं पुसून, थप्पी करून, वर दगड ठेवून तयार असतात. मनकर्णा ड्रायव्हरला मोजून देते आणि त्यानं एक जरी कोपरा दुमडला तरी त्याची धिंड काढते. खड्डे नीट आहेत का बघायला मी एक दिवसाआड छावणीत जातो. बंकट विचारतो, खड्डे पळून जातेत का?

त्याला तांत्रिक देखभाल म्हणजे काय ते कळत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

संचालकांची बैठक झाली. मला आत बोलावलं. मी शर्ट इस्त्री केला होता, पण बसायला सांगितल्यावर घाम सुटला. भगवानरावांनी टेबलावर एक शीट ठेवली होती, छावणीतून परत आलेली. जिभेवरून बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

"लाकडाचा विषय बंद," ते म्हणाले. "उद्या पाडव्याची मुदत, म्हणून आजच सांगतो. आन तलवाड्याच्या संस्थेनं माणूस मागितलाय. त्यांच्याकडं बी छावणी हाय. शहादेवरावाला पाठवावं म्हणतो."

शहादेवराव! मी इकडंतिकडं पाहिलं, आणखी कोणी त्या नावाचं आहे का.

बाहेर आलो आणि आबांना फोन लावला. कर्नाटकातल्या कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परत निघालीय. मी सगळं सांगितलं. आबांनी आधी शीट केवढी असते ते विचारलं. मग म्हणाले, "जीभ कोन्या अंगाला लावतूस?"

"बाजूला, आबा. तुम्ही वायररोप टाकता तशी."

"आस्सं," म्हणाले. फोन ठेवला नाही त्यांनी. मीही नाही.

६ एप्रिल, शनिवार. पाडवा

आत्यानं गुढी उभी केली. साखरेची गाठी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "आता तरी आगीसारखा बोलू नको."

छावणीत जाऊन सांगून आलो की तलवाड्याला चाललोय. मनकर्णा वैरण टाकत होती.

"किती दिस?"

"महिनाभर तरी."

"तिथं बी छावणी हाय?"

"हाय की. आपल्यापेक्षा मोठी."

"तिथं बी पोरी असतील पानी भरायला."

"असणारच. माणसंच आहेत तिथं."

तिनं वैरणीचा भारा असा आपटला की गाय दचकली. "जा मग," म्हणाली. आत्यानं सांगितल्याप्रमाणे मी अगदी नरम बोललो होतो. कुठं बिघडलं कळेना. बंकट ट्रॅक्टरवर बसून एवढा हसला की त्याला उचकी लागली.

८ एप्रिल, सोमवार. तलवाडा

आबांची टोळी काल कड्याला पोचली. उन्हानं सगळे काळे ठिक्कर. रानात पेरण्यासारखं काही नाही, घरी बसून खायचं काय, हा प्रश्न कुणी बोलून दाखवला नाही. जेवण झाल्यावर आबांनी मला अंगणात बोलावलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या तलवाड्याला हमाल लागत असतील न्हवं?"

आबांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. मी मान हलवली.

सकाळी शीटा ट्रकात भरल्या. टोळीनं भरल्या, कुणाला सांगावं लागलं नाही. निघताना काट्यापाशी मनकर्णा उभी. छावणीपासून चालत आलती. पेंडीची चौकशी करायला आले म्हणाली. आज पेंडीचा ट्रक नसतो हे तिला माहीत नसावं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "लवकर ये." मी म्हणालो, शीटांचं बंकट बघेल, काळजी करू नको. ती कपाळाला हात लावून हसली. हसताना मी तिला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तलवाड्यापर्यंत तेच डोळ्यांपुढं.

ती गेल्यावर ड्रायव्हरनं केबिनचं दार उघडलं होतं. आबा मागं टोळीबरोबर शीटांवर बसलेले, डोक्याला टॉवेल, ऊन मी म्हणत होतं. मी म्हणालो, "आबा, तुम्ही पुढं बसा. मी मागं येतो."

"न्हाई," आबा म्हणाले. टोळीतली सगळी माणसं ऐकत होती. "म्होरं तू बस. काम तुझं हाय."